मॅट आयशॅडोचा पॅलेट घेऊ की नको?

"मॅडम, हे घेण्यासारखं आहे का हो?" असं म्हणत तुम्ही ओपीडीत मोबाइल पुढे करता, तेव्हा त्यावर बहुतेक वेळा एखादं क्रीम नाहीतर सीरम असतं. एप्रिलमध्ये मात्र हाच प्रश्न मी स्वतःला विचारत बर्डीवरच्या एका दुकानात उभी होते. समोर १२ रंगांचा मॅट आयशॅडो पॅलेट. सगळे न्यूट्रल रंग, म्हणजे बदामी, बिस्किटी, विटकरी, चॉकलेटी. किंमत २,४०० रुपये. मे महिन्यात भाचीचं लग्न होतं आणि तीच शेजारी उभी होती. "मावशी, घेऊन घे ना, किती विचार करतेस!"

विचार करायला कारण होतं. ते सांगायला मला थोडं ओशाळं वाटतं, पण तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगते.

गेली तीन वर्षं माझ्या वरच्या पापण्या काळवंडत चालल्या होत्या. खाजही येई. कधी सकाळी उठल्यावर जरा सुजलेल्या दिसत. मी त्वचारोगतज्ज्ञ, पेशंटने हे सांगितलं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. स्वतःला एकही विचारला नाही. नागपूरची धूळ, उन्हाळा, जागरण, अशी कारणं देत राहिले आणि लग्नकार्यात तो काळेपणा झाकायला तपकिरी आयशॅडो लावत राहिले. मग संशय त्या आयशॅडोवरच आला. तो टाकला, दुसरा आणला. खाज तशीच. तिसराही आणला. म्हणजे पॅलेट बदलण्यात मी २,४०० रुपये आधीच घालवून बसले होते.

शेवटी माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने माझी पॅच टेस्ट केली. यात संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात. काढल्यावर एकदा आणि पुन्हा ९६ तासांच्या सुमारास पाहतात. तेवढे दिवस पाठीवर पाणी नको, घाम नको. आपल्याकडे मे महिन्यात ही टेस्ट करायची म्हणजे पट्ट्या दुसऱ्या दिवशी पदरात! म्हणून आम्ही डिसेंबर गाठला. माझे आयशॅडोही तिने तसेच्या तसे लावून पाहिले. ते निर्दोष निघाले. ठिपका लालभडक झाला तो पीपीडीचा, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीनचा. केसांच्या काळ्या डायमध्ये असतं ते. काळ्या मेंदीतही बरेचदा मिसळलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, डाय डोक्याला, मग त्रास पापणीला का? कारण पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोक्याची त्वचा जाड, ती सोसते. केस धुताना ओघळलेलं पाणी, उशीच्या अभ्र्यावर उतरलेला अंश, डोळे चोळणारा हात, एवढंही पापणीला पुरतं. नेलपॉलिशची गंमतही अशीच आहे. नखांना काही होत नाही. त्या नखांनी जिथे स्पर्श होतो त्या पापणीवर पुरळ येतं. म्हणून पापणी खाजली की फक्त डोळ्यांच्या मेकअपला दोष देऊ नका. शाम्पू, डाय, नेलपॉलिश, अत्तर, सगळ्यांची हजेरी घ्या. काचबिंदूसाठी थेंब घालत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातल्या काही थेंबांनी पापणीचा रंग गडद होतो. पण ते स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

आणि मेडिकलमधून आणलेली ती "खाजेची ट्यूब" पापणीला लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणूनच ती महिनोन्‌महिने चालू राहते. त्वचा आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

डाय बंद केल्यावर माझी खाज दीड महिन्यात थांबली. काळेपणा इतक्या लवकर जात नाही. दाह झालेल्या जागी आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंग रेंगाळतो, काही महिने जावे लागतात. केस मात्र पांढरे झाले. तर अशी मी, पांढऱ्या केसांची आणि अजून थोड्या काळसर पापण्यांची, त्या काउंटरसमोर उभी होते.

मॅटच का? ज्यात चमक असते त्यात अभ्रकाचे कण किंवा ग्लिटर असतं. पन्नाशीच्या पापणीवर ते सुरकुत्यांत जाऊन बसतं आणि सुरकुती उठून दिसते. ग्लिटरचा जाडसर कण डोळ्यात गेला तर बुबुळाला ओरखडा पडतो. असे डोळे मी पाहिले आहेत. मॅटमध्ये हा धोका कमी, शून्य नाही. पावडर ती पावडरच, थोडी डोळ्यात झडतेच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आधी लेन्स बसवावी, मग मेकअप करावा. रात्री आधी लेन्स काढावी, मग मेकअप.

आता त्या १२ रंगांकडे या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळे सुंदर दिसत होते. हाताच्या पाठीवर बोटभर रेघा ओढल्या (टेस्टर थेट पापणीवर कधीही लावू नका, त्यात किती जणींची बोटं गेली असतील कोण जाणे) आणि बाहेर उन्हात आले. फिकट पाच रंग माझ्या हातावर भस्मासारखे दिसले. "न्यूट्रल" हा शब्द कुणाच्या तरी गोऱ्या कातडीवरून ठरलेला असतो, आपल्या नाही. काळसर पापणीवर फिकट बिस्किटी लावला तर ती उजळत नाही, राखाडी दिसते. तिथे आधी जरा नारिंगीकडे झुकणारा रंग लागतो. चॉकलेटीच्या दोन छटा तर जुळ्या बहिणी होत्या. माझ्या कामाचे रंग निघाले तीन. मी वर्षातून सात-आठ लग्नांना जाते. डब्यावर उघड्या झाकणाच्या बरणीचं चित्र आणि "२४ एम" लिहिलेलं होतं, म्हणजे उघडल्यापासून २४ महिने. हिशेब तुम्हीच करा.

त्याच कंपनीचा चार रंगांचा डबा ६५० रुपयांना होता. त्यात माझे तिन्ही होते. तो घेतला. बिलासकट, आणि डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत, घटकांची यादी वाचून. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांकही हवा. हे काहीच नसलेला, "सेम टू सेम" डबा फुटपाथवर २०० रुपयांत मिळतो. तो मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यातल्या रंगात शिसं किती, हे विचारायला जाणार कुठे?

घरी आल्यावर तो कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावला. काही झालं नाही. कोपर गप्प राहिलं म्हणून पापणीही गप्प राहील अशी खात्री नसते, पण कोपर बोललं तर डबा परत करायचा हे नक्की.

भाचीच्या लग्नात नवरीच्या खोलीत गोंधळ होता. एकच पॅलेट, एकच ब्रश आणि सहा जणी. एक तर जिभेने ब्रश ओला करत होती. माझ्या डब्याकडे हात आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. "मावशी, तू पण ना!" झालं. २०२३च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, तेव्हाच्या ओपीडीच्या रांगा मला आठवतात.

माझ्या डोळ्यांबद्दल लग्नात कुणी अवाक्षर काढलं नाही. केसांबद्दल मात्र निदान पंधरा जणींनी विचारलं, "अगं, हे काय करून घेतलंस?" प्रत्येकीला मी पीपीडी समजावून सांगितलं, पंगतीत, बुंदी वाढली जात असताना. त्यातल्या दोघी डोळे चोळत ऐकत होत्या. सोमवारी त्या दोघीही ओपीडीत आल्या.