समुद्र डाव्या हाताला

आमच्या ग्वाल्हेरला किल्ला आहे, गाणे आहे, शिंद्यांचे महाल आहेत, आणि मे महिन्यात अंगाची लाही करणारे ऊन आहे. समुद्र मात्र नाही. फूलबागेच्या बाजूला मोतीमहालापाशी बैजाताल आहे. त्यात नावा फिरतात, मधोमध पाण्यावर एक रंगमंच आहे. लष्करातल्या मराठी घरांतली पोरे ‘खूप पाणी’ म्हणून पहिल्यांदा पाहतात ते हेच. बाकीचा समुद्र आम्हाला भाषेतून मिळालेला. आनंदाला भरती येते, उत्साहाला ओहोटी लागते, कोणाची नाव किनाऱ्याला लागते, कोणाचे तारू भरकटते. वर्गात मी हे शब्दप्रयोग तीस वर्षे समजावून देत आलो. मुले ते वाक्यांत बिनचूक वापरतात. ओहोटी पाहिलेले मूल मला अजून भेटायचे आहे.

तुमच्या बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना याचे थोडे नवल वाटेल. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, पुढे वेंगुर्ला. सकाळी निघून संध्याकाळी परत. तुमच्या मराठीच्या शेजारी कानडी आहे, आमची हिंदीच्या अंगणातच वाढली. पण तुमच्या मराठीला समुद्र हाकेवर आहे, आणि आमच्यात नि त्याच्यात सगळा माळवा, नर्मदा, तापी, सातपुडा आणि वर सह्याद्री.

आमचे घराणे मूळचे गुहागरकडचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी कायम केली, तिचेच लष्कर शहर झाले. त्यानंतर केव्हातरी आमचा एक पूर्वज दप्तरात कारकून म्हणून आला. बिऱ्हाड आले, देव्हारा आला, पाठोपाठ भाऊबंदही आले. कुलदैवत तेवढे मागे राहिले. आजही घरच्या लग्नपत्रिकेवर आम्ही ‘श्री व्याडेश्वर प्रसन्न’ असे छापतो. त्या व्याडेश्वराला पाहिलेला माणूस घरात एकही नाही. नारळी पौर्णिमेला आमची आजी पितळेच्या परातीत पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाकी आणि त्याची पूजा करी. तो आमचा समुद्र. आजीनंतर ती परात आईकडे आली.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. या दुखण्यात कडेची नजर आधी जाते, समोरचे शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. उजव्या डोळ्याने तिला आता उजेड-अंधारापलीकडे फारसे कळत नाही. डाव्याने दिसते, पण नळीतून पाहावे तसे. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची. हे तिला सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “असं असेल तर बाळ, तो परातीतला समुद्र एकदा खरा दाखव.”

एवढ्यावर आमच्या घरात बेत सुरू झाला. मुलगा नोएडाला नोकरीत आहे. त्याने आठ दिवसांत मोबाइलवर सगळी सहल आखून पाठवली. आगगाडीने पनवेल, तिथून भाड्याची गाडी, पेणवरून अलिबाग, आणि मग किनारा धरून दक्षिणेकडे. काशीद, मुरूड, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ आणि शेवटी गुहागर. रस्ता घाटावरच्या हमरस्त्यासारखा रुंद नाही, वळणे पुष्कळ, आणि मध्ये खाड्या आडव्या येतात. मात्र आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेशवीला आणि दाभोळहून धोपाव्याला मोठ्या फेरीबोटी आहेत. गाडी माणसांसकट त्यांच्यावर चढते आणि पलीकडे उतरते. आईच्या गुडघ्यांचे काय, ही माझी पहिली शंका तिथेच मिटली. प्रत्येक मुक्कामापुढे मुलाने लिहिले होते : ‘सूर्यास्त’. पाच मुक्काम, पाच सूर्यास्त.

मी तो कागद घेऊन फूलबागेत गेलो. झाशीच्या राणीच्या समाधीजवळच्या बाकांवर संध्याकाळी आम्हा तीन-चार मराठी मंडळींची बैठक असते. सगळे पन्नाशी-साठीतले, सगळ्यांची मूळ गावे कोकणात किंवा देशावर, आणि ती कोणी पाहिलेली नाहीत. १८ जूनला इथे मेळा भरतो तेव्हा गर्दी असते. एरवी घोड्यावरची राणी, झाडे आणि आम्ही. माझा कागद हातोहात फिरला. एक स्नेही म्हणाले, “रत्नागिरी जिल्ह्यात जाताच आहात तर लांजा तालुक्यातलं कोट पाहून या. नेवाळकरांचं गाव, म्हणजे राणीचं सासर.” सासर खरे, पण काशी, बिठूर, झाशी, काल्पी आणि शेवटी हे ग्वाल्हेर, राणीच्या आयुष्यातल्या या गावांत समुद्रकाठचे एकही नाही. तीही आमच्यासारखीच, कोकण आडनावात घेऊन उत्तरेत वाढलेली. हा विचार मला त्या बाकावर बसून यापूर्वी कधी आला नव्हता.

दुसरे स्नेही इतिहासाचे. त्यांनी विष्णुभट गोडशांची आठवण काढली. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असे ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. लुटला गेला, उपाशी राहिला, तरी परतताना गंगेची कावड घेऊन घरी पोचला. त्याचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून निघाले. स्नेह्यांचे म्हणणे, तो तिकडून इकडे आला, तुम्ही इकडून तिकडे जा, वरसई वाटेतच आहे. बोलणे तिथेच थांबायला हवे होते. पण गोडसे भटजींना किती दक्षिणा मिळाली यावर वाद निघाला आणि दिवे लागेपर्यंत चालला.

खरी अडचण घरी आल्यावर दिसली. सूर्यास्ताची शोभा मीही नाकारत नाही. हल्ली तर सूर्य बुडाला की नाही हे लोक फोटो काढल्यावरच मान्य करतात. पण आईला संधिप्रकाशात जवळजवळ काही दिसत नाही. फूलबागेतसुद्धा सहा वाजले की ती माझा हात धरते. पाच दिवस तिला नेमक्या त्या वेळी किनाऱ्यावर उभी करायची आणि सगळ्यांनी ‘वा, वा’ म्हणायचे, याला काय अर्थ? तिला दिवसाचा भरपूर उजेड हवा. पाणीही जवळ हवे, कारण ओहोटीला समुद्र दूर जातो आणि कोरड्या वाळूतून तिला चालवत नाही. म्हणजे भरती हवी, आणि तीही भर दुपारी.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि उधाणही त्याच सुमाराला, पाणी सर्वांत वर. पुढे रोज पाऊण तास उशिरा. मी दिनदर्शिका उघडली. शाळेच्या हिवाळी सुटीच्या जवळ येते ती पौष पौर्णिमा. पत्नी म्हणाली, पौषात देवदर्शनाचा मोठा बेत नको. आईने आतून उत्तर दिले, “डोळ्यांना सांग म्हणावं, माघापर्यंत थांबा.” पौष ठरला.

सूनबाई कानपूरच्या, घरात मराठी समजते पण हिंदीत बोलतात. फोनवर मी मुलाला सांगत होतो, आईला भरतीच्या वेळेलाच गुहागरला पोचवायचे, भरती चुकली तर सगळे फुकट. पलीकडे त्यांनी ते ऐकले आणि घाबरून फोन घेतला, “बाबूजी, अम्माजी को कहाँ भर्ती करना है? हुआ क्या?” हिंदीत भरती इस्पितळात होते, नाहीतर फौजेत. आम्ही सगळे हसलो, आई सर्वांत जास्त. माझ्या मनात मात्र ते राहिले. नातू सात वर्षांचा आहे. तो मला विचारतो, “आजोबा, समुद्र किती गहिरा असतो?” खोल हा शब्द त्याच्याकडे नाही. मी त्याला दुरुस्त केले नाही. खोल काय ते त्याला जेट्टीवरून दाखवायचे आहे.

भरतीचा हिशेब जमला तरी एक गोष्ट राहिलीच होती. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र पश्चिमेला, म्हणजे उजव्या हाताला राहणार. पुढची मोकळी जागा आपल्याकडे चालकाच्या डावीकडे. आई तिथे बसली तर तिच्या बाजूला डोंगर आणि समुद्र चालकाच्या पलीकडे. मागे उजवीकडे बसवली तर खिडकीशी तिचा तो गेलेला डोळा. पाच दिवस मान वळवून वळवून ती बसणार. रात्री अकरा वाजता मला हे सुचले आणि मी उठून नकाशा उलटा केला. सगळी सहलच उलटी करायची! दक्षिणेकडून उत्तरेकडे आलो की समुद्र डाव्या हाताला, पुढची जागा डावीकडे, आणि आईचा बरा डोळाही डावाच.

आता बेत असा आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पुरी झाली, त्यामुळे ग्वाल्हेरहून मंगला एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी थेट रत्नागिरी. मुक्काम करून सकाळी गणपतीपुळे, जयगडला फेरीबोटीवर चढून शास्त्री नदीची खाडी ओलांडायची आणि तवसाळला उतरायचे. हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर. पौर्णिमेला सकाळी व्याडेश्वर, आणि अकराच्या आत आई किनाऱ्यावर. पुढचा प्रवास मग कसाही झाला तरी चालेल. दाभोळ, हर्णे, केळशी, बाणकोटची खाडी. श्रीवर्धन-दिवेआगरकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. नव्या लावलेल्या केवढ्या झाल्या ते पाहायचे आहे. श्रीवर्धन ते दिवेआगर रस्ता शेखाडीपाशी पाण्याच्या अगदी काठाने जातो, तिथे गाडी सावकाश घ्यायला सांगणार आहे. शेवटी पेण, जमल्यास वरसई, आणि पनवेलला परतीची गाडी. कोट या खेपेला राहिले. बाकावरच्या मंडळींना ते आवडलेले नाही.

मुलाने दोन सूर्यास्त मागून घेतले आहेत, ते दिले. आईने एक गडू गंगाजल बांधून ठेवले आहे, व्याडेश्वरावर घालायला. परत येताना त्याच गडूत समुद्राचे पाणी आणायचे, असे तिने सुनेला हिंदीतून समजावले. तिकिटांपैकी खालचे बर्थ दोन मिळाले, एक अजून आर.ए.सी. आहे. पुढच्या जागेवर नातवाचा दावा होता. फेरीबोटीवर गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहू द्यायचे, या अटीवर त्याने ती पणजीला सोडली आहे.