अंगावरून वारे गेल्यानंतरचे मन

बोलीभाषेत ज्याला ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतात, त्या पक्षाघातात मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते आणि रक्तपुरवठा तुटल्याने त्या भागातील पेशी मरतात. हात, पाय, चेहरा आणि वाणी यांवर होणारा परिणाम सर्वांना दिसतो, म्हणून त्याचीच मोजदाद होते. वाटी धरता येते का, आधाराशिवाय उभे राहता येते का, याची चौकशी घरात आणि दवाखान्यात वारंवार होते. रुग्णाला जगावेसे वाटते का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना पुढच्या काळात नैराश्य येते. नैराश्य म्हणजे दोन-चार दिवसांचे खट्टू होणे नव्हे. मन सतत खिन्न राहणे, कशातच रस न उरणे, झोप व भूक बिघडणे आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे ही अवस्था आठवडेच्या आठवडे टिकते. ‘एवढे झाल्यावर वाईट वाटणारच’ असे म्हणून ती समजून घेतली जाते, आणि समजून घेतल्यामुळेच उपचाराविना राहते. त्यामागे दुःख असते, तशी मेंदूला झालेली इजाही असते. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागातील इजेने नैराश्य अधिक येते, असा सिद्धांत गेल्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ चर्चिला गेला. परंतु २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या लेखात त्याला आधार मिळाला नाही. म्हणजे मेंदूचे चित्र पाहून कोणाला धोका आहे हे ओळखता येत नाही. प्रत्येकाला विचारावेच लागते.

ही अवस्था जिवावर बेतण्याचा धोका किती खरा आहे, हे स्वीडनमधील नोंदींवरून कळते. त्या देशात पक्षाघाताच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. २००१ ते २०१२ या काळातील सुमारे २ लाख २० हजार रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण या रुग्णांत सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट होते आणि पहिल्या दोन वर्षांत ते सर्वाधिक होते. रुग्णांमध्ये वयाने तरुण असलेले, एकटे राहणारे, कमी शिकलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक अधिक धोक्यात आढळले. सुसज्ज आरोग्यव्यवस्था असलेल्या देशातही एकटेपणा आणि गरिबी यांनी आपले काम केलेच, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

निदानातील अडचणी खऱ्या आहेत. थकवा आणि निद्रानाश पक्षाघातानेही येतात. मेंदूतील इजेमुळे काही रुग्ण दुःख नसताना अनावर रडतात, तर काहींची कशाचीच सुरुवात करण्याची प्रेरणा लोपते, पण ते खिन्न नसतात. सर्वांत कठीण स्थिती वाचाघाताची. वाचाघात म्हणजे जीभ जड होणे नव्हे, तर भाषेचीच हानी: सांगायचे असते पण शब्द सापडत नाही, किंवा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लागत नाही. नैराश्याच्या बहुतेक चाचण्या प्रश्नोत्तरांच्या असल्यामुळे असे रुग्ण पुष्कळदा संशोधनातूनच वगळले गेले. ज्यांना आपले दुःख बोलता येत नाही, तेच मोजणीबाहेर राहिले, आणि हा अन्याय आहे असे स्पष्ट म्हणावे लागते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे या रुग्णांसाठी तयार झालेली प्रश्नावली म्हणूनच रुग्णाऐवजी त्याची देखभाल करणाराच भरतो: रुग्ण नजर टाळतो का, रात्री तळमळतो का, एकाएकी रडू लागतो का, चारचौघांत बसायला नकार देतो का. हे टिपण्यासाठी पदवी लागत नाही; रोज जेवण भरवणाऱ्या सुनेला वा पत्नीला ते डॉक्टरांच्या आधी दिसते.

उपचार आहेत. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध सर्वच रुग्णांना सरसकट दिल्यास हातापायांची हालचाल सुधारेल, ही आशा ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने २०१८ मध्ये मावळली. नैराश्याच्या नव्या घटना घटल्या, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्याला नैराश्य आहे त्याला मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध आणि समुपदेशन यांचा लाभ होतो.

‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोलीतील ८६ गावांच्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे सुमारे एक पक्षाघाताने झाल्याचे आढळले. अशा गावांत जे वाचतात, त्यांचा सारा भार घरावर येतो, आणि रुग्णाच्या तोंडी ‘मी तुम्हाला ओझे झालो’ हे वाक्य येऊ लागते. ते ऐकून विषय बदलू नये. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारावे, कारण विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर रुग्णाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आत्महत्येचा प्रयत्न झालाच, तर पोलिसांच्या भीतीने तो लपवण्याचे कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते. वाचाघात झालेल्या माणसाच्या वतीने तो फोन घरच्यांनाच करावा लागतो.