संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एसटीतून फिरत मोठं झालेल्या कुणालाही ही पाटी तोंडपाठ असते. आपण ती शंभर वेळा वाचतो आणि ते दार एकदाही न उघडता उतरून जातो.

मी पाटणचा. चिपळूणला मामाकडे जायचं म्हणजे कोयनानगरवरून कुंभार्ली घाट, आणि पावसाळ्यात असं धुकं की समोरची गाडी दिव्यांवरूनच कळायची. घाट लागला की आजी देवाचं नाव घ्यायची, आई आमचे हात खिडकीतून आत ओढायची. झाली सुरक्षितता! बाकी सगळं ड्रायव्हरच्या हातात.

आता शुक्रवारी रात्री पुण्यातून सुटणाऱ्या स्लीपर कोचमध्ये अर्धी आयटी आडवी झालेली असते. बुकिंग करताना आपण एसी बघतो, चार्जिंग पॉइंट बघतो. दार कुठं आहे, हे कुणी बघत नाही.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला येणारी एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ माणसं गेली. बस डाव्या कुशीवर पडली होती. आपल्याकडे दार डावीकडेच असतं, म्हणजे ते गेलं खाली, जमिनीला चिकटून. वाचले ते काच फोडून बाहेर पडलेले मोजके लोक.

एक सर्व्हर पडला तर दुसरा कुठला उचलणार, यावर आम्ही ऑफिसात तासन् तास मीटिंगा घेतो. आणि स्वतः मात्र एकाच दाराच्या भरवशावर पडदा ओढून घोरतो, कमाल आहे राव!

तेव्हापासून बसमध्ये चढलो की मी आधी तीन गोष्टी शोधतो. आपत्कालीन खिडकी किंवा मागचं दार, हातोडी, आणि छतातली झडप. ही झडप फार कामाची. बस आडवी झाली की छताची भिंत होते आणि झडपेचं दार. पुढची मोठी काच फोडायच्या नादी लागू नये, तिच्या दोन थरांत चिकट पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूची कडक काच मात्र कोपऱ्याजवळ ठोकली की चुरा होते.

मागच्या महिन्यात एका खासगी गाडीत हातोडीची जागा रिकामी. क्लीनरला विचारलं.

"लोक चोरून नेतात साहेब, म्हणून केबिनमध्ये ठेवलीय."

"अहो, पण पेटल्यावर केबिनपर्यंत कोण येणार?"

तो काहीतरी पुटपुटत गेला, पण हातोडी आणून अडकवली. आपत्कालीन खिडकीपुढच्या बॅगाही हलवल्या. आसपासची मंडळी 'काय विचित्र प्राणी आहे' अशा नजरेनं बघत होती. असो.

दिवे गेल्यावर समोरच्या बर्थवरच्या काकांनी पडदा सरकवला.

"अहो, मधोमध मारायची का कोपऱ्यावर?"

"कोपऱ्यावर, काका."