आजोबांची थैली

मंडळी, ही गोष्ट गोल्फची आहे. पण घाबरू नका, गोल्फ मलाही फारसा येत नाही.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बडोद्याच्या मराठी घरांत एक गंमत असते, ती इथल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. प्रत्येक घरात राजवाड्याशी जोडणारा एक तरी पूर्वज असतो. कुणाचे पणजोबा सरदार, कुणाचे दरकदार, कुणाचे महाराजांचे कारकून. आमच्या घरात सांगायचं वाक्य ठरलेलं होतं: "आजोबा खानगी खात्यात होते." त्यापुढे कुणी विचारलंच, तर बाबा विश्वामित्रीच्या पुराकडे नाहीतर रणजीच्या मॅचकडे विषय वळवायचे.

खरी गोष्ट अशी की, आजोबा राजवाड्याच्या मैदानावर साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्यांची थैली खांद्यावर घेऊन फिरायचे. म्हणजे कॅडी होते.

लक्ष्मी विलास राजवाडा बांधून झाला १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांच्या काळात. मेजर चार्ल्स मँटनी आराखडा केला आणि त्यांच्या मागे रॉबर्ट चिझमनी काम पुरं केलं. गोल्फचं मैदान मात्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलं. प्रतापसिंहरावांनी १९३० च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी ते करवून घेतलं. आजोबा तेव्हा पोरसवदा होते. शाळा सुटलेली, घरात खाणारी तोंडं सहा. कुणाच्या तरी ओळखीनं मस्टरवर नाव लागलं.

ते खेळाला 'गोफ' म्हणायचे. रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून आम्हा नातवंडांना तीनच गोष्टी सांगायचे. एक, साहेबानं चेंडू मारला की आपली नजर साहेबावर नाही, चेंडूवर पाहिजे. दोन, साहेब चिडला की आपण मुकं व्हायचं. आणि तीन, "तिथली जमीन सपाट दिसते, पण सपाट नाही. ती विश्वामित्रीकडे ओढते. पाणी जिकडे जातं, चेंडू तिकडे जातो." आम्ही हसायचो. म्हाताऱ्याची टकळी सुरू झाली, म्हणायचो.

घरात त्या दिवसांची एकच खूण होती. दाराआड उभी असलेली एक लाकडी दांड्याची काठी, खाली लोखंडी पातं. पुढे कळलं की तो दांडा हिकरीच्या लाकडाचा. १९२९ साली ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली आणि हिकरीच्या काठ्या हळूहळू अडगळीत गेल्या. अशीच नकोशी झालेली एक काठी कुणा साहेबानं आजोबांना देऊन टाकली असणार. आजी तिनं शेवग्याच्या शेंगा पाडायची.

१९४९ ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. आजोबांची राजवाड्यातली नोकरी गेली आणि ते एका हायस्कुलात शिपाई झाले. ती नोकरी त्यांनी अठ्ठावीस वर्षं केली, पण घरात तिचाही उल्लेख नसायचा. उल्लेख फक्त खानगीचा. १९८७ मध्ये माझं लग्न जमलं तेव्हा इंदूरच्या मंडळींनाही बाबांनी तेच सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही.

आता त्या काठीचं सांगतो. जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ती मीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवली. पितळी भांड्यांचे पैसे त्यानं वजनावर दिले. काठीचे काहीच दिले नाहीत.

बँकेतून रिटायर झालो, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. जावई गोल्फ खेळतो. तो मला सरावाला घेऊन जायला लागला. दोन वर्षं मी एका जागी उभा राहून चेंडू मारत होतो. तो म्हणायचा, "बाबा, आता राजवाड्यावर खेळायला चला." मी काही ना काही सबब सांगायचो. कधी गुडघा, कधी ऊन, कधी पाहुणे. खरी सबब त्याला कशी सांगणार? त्या फाटकातून खेळणारा म्हणून आत जायला माझा पाय निघत नव्हता.

खरं तर ते फाटक केव्हाच उघडलं होतं. प्रतापसिंहरावांचे नातू समरजितसिंह गायकवाड, जे स्वतः बडोद्याकडून रणजी खेळलेत, त्यांनी १९९० च्या दशकात ते जुनं मैदान नव्यानं करून घेतलं आणि बाहेरच्या लोकांना खुलं केलं. आता फी भरली की कुणीही खेळू शकतो. अर्थात ती फी सगळ्यांच्या खिशाला झेपते असं नाही, हेही खरं. पण बोलावणं येण्याची वाट पाहावी लागत नाही, एवढा फरक पडला. आजोबांच्या वेळी आत जायचे दोनच मार्ग होते. पाहुणे म्हणून, नाहीतर ओझं उचलायला.

शेवटी गेल्या जानेवारीत गेलो. सकाळची वेळ, गवतावर दव, झाडांच्या वर राजवाड्याचा मनोरा. समोर मोर निवांत चालत होते आणि टिटवीनं आरडाओरडा करून सगळ्या बडोद्याला आमची बातमी दिली. आमच्याबरोबर एक कॅडी होता, विशी-पंचविशीतला पोरगा. त्यानं माझी थैली खांद्यावर घेतली आणि माझ्या पोटात गलबललं. मी म्हटलं, "दे इकडे, मी घेतो."

तो थबकला. त्याला वाटलं काकांना पैसे वाचवायचे आहेत. हसून म्हणाला, "काका, ए तो मारुं काम छे." मी ओशाळलो. त्याच्या कामाची लाज त्याला नव्हती, मला होती. तिसरी पिढी होऊनसुद्धा.

पहिला फटका उजवीकडच्या झाडीत गेला. दुसरा कसाबसा सरळ. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. जावई चालता चालता सांगत होता की त्या जमान्यात, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ते १९३० पर्यंत, जगभर जी मैदानं आखली गेली त्यांना जाणकार आजही मानतात. डोंगर हलवणारी यंत्रं हाताशी नव्हती. माती हलवायची ती माणसांनी, बैल-घोड्यांनी नाहीतर वाफेच्या यंत्रांनी. त्यामुळे आखणारा आधी जमीन पाहायचा. उतार कुठं आहे, पाणी कुठून वाहतं, जुनी झाडं कुठं आहेत. त्याप्रमाणे तो ग्रीन ठेवायचा. एका होलचं ग्रीन संपलं की पुढच्याची टी चार पावलांवर, कारण सगळे पायीच खेळायचे. बंकर ठेवायचा तो खेळणाऱ्याला विचार करायला लावायला. धीट असाल तर बंकरच्या जवळून मारा, पुढची वाट सोपी होईल. जपून खेळायचं तर लांबून जा, पण एक फटका जास्त लागेल.

"म्हणून अशी मैदानं नवी करताना शहाणे लोक जमिनीशी भांडत नाहीत," तो म्हणाला. "गवत नवं घालतात, पाण्याची सोय करतात, बुजलेले कोपरे मोकळे करतात. जमिनीची मूळ चाल तशीच ठेवतात." मला आपला देवळांचा जीर्णोद्धार आठवला. शिखराला रंग नवा लागतो, गाभारा जागेवरच असतो.

मग एक ग्रीन आलं. कितवं ते सांगत नाही, कारण तोवर मी मोजदाद सोडली होती. चेंडू भोकापासून दहा-बारा पावलांवर. मधे सगळं सपाट, कॅरमच्या बोर्डासारखं. जावई म्हणाला सरळ मारा. मी खाली वाकलो आणि कानात ओट्यावरचा आवाज आला. सपाट दिसते, पण सपाट नाही. मान वर करून पोराला विचारलं, "विश्वामित्री कुणीकडे?"

त्यानं पश्चिमेला हात केला. माझ्या डावीकडे.

मी भोकाच्या उजवीकडे, वीतभर बाहेर धरून मारला. चेंडू सरळ गेला, मग मंद झाला, आणि मंद होता होता डावीकडे वळायला लागला. भोकात पडला असता तर सिनेमा झाला असता. नाही पडला. चार बोटं अलीकडे थांबला. पण वळला तो नदीकडेच.

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "काका, तुम्ही पहिल्यांदा आलात ना? कसं कळलं?"

आणि मी, जे इंदूरच्या व्याह्यांसमोर बोललो नव्हतो, जावयाला कधी सांगितलं नव्हतं, ते बोलून गेलो. "माझे आजोबा इथं कॅडी होते. तुझंच काम करायचे."

त्यानं खांद्यावरची थैली नीट केली. त्याचं तोंड उजळलं. "तो तो आपणे एक ज खाताना!" म्हणाला. म्हणजे आपण एकाच खात्यातले. जावई काही बोलला नाही, पण पुढच्या होलपासून त्यानं एकदाही मला कसं मारायचं ते सांगितलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. सदतीस वर्षांनी. वाटलं, चिडेल. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग? माझे पणजोबा होळकरांच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. आमच्याकडे सांगायचे, पागनीस होते." आणि इतकी हसली की मलाही हसू आवरेना. म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांना सारखंच फसवलं होतं.

आमचा एक चुलतभाऊ सध्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करतोय. त्याच्या तक्त्यात आजोबांच्या नावापुढे 'व्यवसाय: खानगी खाते, बडोदे संस्थान' असं लिहिलेलं होतं. मी दुरुस्ती पाठवली: 'गोल्फ कॅडी, लक्ष्मी विलास राजवाडा. नंतर शाळेत शिपाई.' दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"दादा, हे छापायचं ना नक्की?"

"छाप," म्हटलं. "आणि खाली एक ओळ टाक. मैदानाची जमीन विश्वामित्रीकडे ओढते, हे त्यांना माहीत होतं."