आवंढ्याची रेघ

गिळण्याच्या उपचारांच्या पहिल्या दिवशी अर्धा तास काकांची दाढी करण्यातच गेला. हनुवटीखालची कातडी स्पिरिटनं पुसली, त्यावर तीन चिकटपट्ट्या लावल्या, वायर लॅपटॉपला जोडली. झरी गावातल्या त्यांच्या ओसरीवर शेजारपाजारही जमा झाला होता.

"काका, आवंढा गिळा."

पडद्यावर रेघ उठली, पडली. काकांनी बोट दाखवलं. "बाई, ह्यो डोंगर माझाच का?"

लकव्यानंतर तीन महिने ते नाकातल्या नळीवर होते. बेरियम गिळवून एक्स-रेखाली तपासणी झाली होती. घट्टसर घास श्वासनलिकेत जात नव्हता, पण घाटी, म्हणजे गळ्यातला कंठमणी, पुरेशी उचलली जात नव्हती, म्हणून तो घशातच रेंगाळायचा. हनुवटीखालचे स्नायू आखडले की घाटी वर आणि पुढे सरकते, श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. सारा कारभार सेकंदभराचा. हाताचा व्यायाम करणाऱ्याला आपला हात दिसतो. घसा कुणाला दिसतो? "जोर लावून गिळा" म्हटलं की माणूस डोळे मिटतो, खांदे उचलतो, आणि घाटी जागच्या जागी. स्नायूंतली सूक्ष्म वीज टिपून ती त्याच क्षणी माणसाला दाखवायची, एवढंच बायोफीडबॅकचं काम.

पुढं घाटी वर गेली की क्षणभर तिथंच धरायला शिकवलं. ते शब्दांत सांगून कळेना. मग म्हटलं, "काका, डोंगराला टोक नको, सपाट माथा हवा. जिंतूरकडच्या डोंगरासारखा." दुसऱ्याच खेपेला जमलं.

तिसऱ्या आठवड्यात रेघ कधी नव्हे इतकी उंच गेली. मी शाबासकी दिली. मग सहज घाटीवर बोटं ठेवली, तर ती हललीच नव्हती. काका दात आवळून जीभ टाळूला रेटत होते. चूक माझी होती. मी गिळण्याचं नव्हे, रेघेचं कौतुक करत आले होते. स्नायू आखडला एवढंच यंत्राला कळतं. आवंढा गिळला का, घास कुठं गेला, हे त्याला कळत नाही. तेव्हापासून डोळे रेघेवर आणि बोटं घाटीवर, दोन्ही एकदम.

अमेरिकेत मायकेल क्रॅरी आणि सहकाऱ्यांनी 2004 साली असे उपचार घेतलेल्या 45 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यातल्या 39 जणांचं तोंडानं खाणं सुधारलं होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही. मी ते देतही नाही.

कारण यंत्र माझ्यासोबत परभणीला परत यायचं, काका झरीत राहायचे. म्हणून मी पडदा फिरवून ठेवू लागले. गिळून झालं की विचारायचं, "किती उंच गेली?" त्यांनी आधी सांगायचं, मग बघायचं. सुरुवातीला अंदाज साफ चुकायचे. हळूहळू जुळू लागले. दहातले आठ जुळले, त्याच्या पुढच्या खेपेला मी चिकटपट्ट्या लावल्याच नाहीत. मधल्या दिवसांत काकूंची दोन बोटं घाटीवर असायची, आणि ती माझ्याइतकीच तरबेज झाली होती.

नळी निघाल्यावर पहिलं जेवण ज्वारीच्या कण्यांचं, मऊ शिजवून गुळगुळीत घोटलेल्या. छोटा चमचा, ताठ बसून, प्रत्येक घासामागे एक कोरडा आवंढा.

तुमच्या घरी लकव्याचा माणूस असेल, त्याला पाण्यानं ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओला येत असेल, तर घोट घोट पाणी पाजून बघू नका. कधी ठसकाही लागत नाही, नुसता वरचेवर ताप येतो. आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.