गर्ट्रूडची इद्दत

नववीच्या मराठीच्या तासाला आगरकरांचा विषय निघाला. १८८२ साली आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात होते आणि तिथेही आगरकर ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात गुंतले होते, हे मी सांगितलं. पुढच्या वर्षी ते ‘विकारविलसित’ नावानं आलं. डोंगरी म्हटल्यावर मुलं सावरून बसली. जोगेश्वरीतल्या आमच्या या उर्दू शाळेत निम्म्यांची नानी तिकडचीच असते.

मग गोष्ट सांगणं भागच होतं. राजा मरतो, दोन महिन्यांच्या आत राणी दिराशी लग्न करते, मुलगा संतापतो. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, दिराशी निकाह तर जायज आहे. हा एवढा का चिडतो?” शेजारची लगेच म्हणाली, “अगं, पण इद्दत कुठे पूर्ण झाली?”

विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. त्या हिशेबानं गर्ट्रूडचा गुन्हा घाईचा, लग्नाचा नाही. शेक्सपिअरच्या इंग्लंडात मात्र भावाच्या बायकोशी लग्न हेच पाप होतं. आठव्या हेन्रीनं तेच कारण पुढे करून कॅथरीनला दूर केलं. हॅम्लेटचा राग त्या समाजाचा आहे, असं मी मुलींना समजावलं. त्यांना ते पटलं. मला पटलं नाही.

कारण माझ्या घरी सगळं जायज होतं. अब्बा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अम्मीनं इद्दत पूर्ण केली, पुढे दोन वर्षं शिलाई केली आणि मग चाचांशी निकाह केला. चाचा भले माणूस होते, माझी फी त्यांनीच भरली. तरी मी त्यांना शेवटपर्यंत चाचाच म्हणालो आणि अम्मीशी वर्षभर धड बोललो नाही. बीएडच्या वर्षी ‘हॅम्लेट’ वाचलं तेव्हा मी अर्थातच त्याच्या बाजूला होतो.

गर्ट्रूडला खून माहीत होता का, यावर पंडितांचा वाद आहे. १६०३च्या पहिल्या छापील प्रतीत ती शपथेवर सांगते की मला काही ठाऊक नव्हतं. पुढच्या प्रतींत ही शपथ नाही. मला तो वाद आता फारसा ओढत नाही. मी वाचतो तो तिच्या खोलीतला प्रवेश. मुलगा बोलतच राहतो आणि तिच्या वाट्याला दोन-चार वाक्यं येतात. बापाचं भूत येऊन त्याला आवरतं, आईकडे बघ म्हणतं. भुताला जे दिसलं ते पोराला दिसत नाही.

‘हैदर’ टीव्हीवर लागला तेव्हा अम्मी शेजारी बसली होती. तब्बूची गझाला पडद्यावर आली की मी उगाच मोबाइल चाळायचो. मधेच अम्मी म्हणाली, “हा पोरगा आईला एकदा तरी विचारतो का, जेवलीस का म्हणून?”

मी उठून पाणी प्यायला गेलो.

तीन वर्षांपूर्वी चाचा गेले. अम्मी दुसऱ्यांदा इद्दतीत बसली, त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी. चार महिने दहा दिवस मी शाळेतून सरळ तिच्याकडे जायचो. आम्ही फारसं बोलायचो नाही. डबा उघडून तिच्यासमोर ठेवायचो आणि ती जेवेपर्यंत वह्या तपासत बसायचो.