मायेचे पथ्य

घरातील आजींचा मोतीवर फार जीव. रोज सकाळी वाटीभर दूध आणि सणासुदीला बासुंदी त्याच्या पुढ्यात ठेवल्याशिवाय त्यांना स्वतःचा घास गोड लागत नसे. एका सणाच्या दुसऱ्या दिवशी मोतीला उलट्या व जुलाब सुरू झाले. आजी दूधभात घेऊन बसल्या. तो तोंड फिरवी, त्या आर्जव करीत.

नातीने पशुवैद्यांना विचारले. त्यांनी सांगितले : मोठ्या कुत्र्याला अशा वेळी काही तास अन्न देऊ नये, पाणी मात्र थोडेथोडे द्यावे. उलट्या थांबल्यावर मीठ-मसाल्याविना मऊ भात द्यावा. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. मनुका, चॉकलेट तर घातकच. माणसांची औषधे मनाने देऊ नयेत. रक्त पडले, उलट्या थांबेनात, ग्लानी आली किंवा आजारी असलेले पिल्लू असेल, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

आजींनी दुधाची वाटी उचलली. दिवसभर त्याच्याजवळ बसून त्या भांड्यात घोटभर पाणी ओतीत राहिल्या. सायंकाळी मोतीने मूठभर भात खाल्ला.

आयुष्यभर कितीतरी उपवास केलेल्या आजींना मोतीचा तो एक दिवसाचा उपवास सर्वांत कठीण गेला.